पुठ्ठ्याची वखार



छोट्या आगगाडीचा देखावा आपण एखाद्या प्रदर्शनात पाहिला असेल. टेबलावर रूळ, एक बोगदा, एक स्टेशन, आणि गाडी आपली गोल गोल फिरते आहे. पाच मिनिटांत पोरे कंटाळतात. गाडीला कुठे जायचेच नसते, मग ती पाहायची किती वेळ? मालगाडीला काम हवे. ते काम देणारी इमारत म्हणजे मालाची वखार. ती पुठ्ठ्याची कशी उभारावी, हे आज सांगायचे आहे.

नमुन्यासाठी मी एक खरीखुरी वखार घेतली आहे. इंग्लंडात मँचेस्टर शहरी लिव्हरपूल रोड नावाचे जुने स्टेशन आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे 15 सप्टेंबर 1830 रोजी सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सुमारे 23 वर्षे आधी. त्याच साली रुळांलगत बांधलेली विटांची वखार अजून उभी आहे. आज जगात टिकून असलेली रेल्वेची सर्वांत जुनी वखार तीच. उतारूंच्या गाड्या तिथून 1844 साली हलल्या, मालाची ये-जा मात्र 1975 पर्यंत चालली. 1983 पासून त्या आवारात विज्ञान आणि उद्योगांचे संग्रहालय आहे.

वऱ्हाड-खानदेशच्या मंडळींना मँचेस्टरचे नाव परके नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला एकाएकी भाव आला. तो बोटीने लिव्हरपूलला उतरे आणि लँकेशायरच्या गिरण्यांत जाई. हिंदुस्थानातला कापूस कुठलाही असो, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत!

आता वखारीकडे वळू. रेल्वे शहरात शिरते ती आयर्वेल नदीवरच्या पुलावरून, त्यामुळे रूळ उंचावर आणि रस्ता खाली. वखार या दोहोंच्या मधे उभी. एका बाजूने पाहिले तर वाघिणी वरच्या मजल्याशी येऊन भिडतात, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर घोड्यांच्या गाड्या तळमजल्याशी लागतात. कालव्याकाठच्या वखारींची ही जुनी युक्ती रेल्वेने उचलली. वाघीण फिरत्या चकतीवर काटकोनात वळवायची आणि दारातून आत ढकलायची. मग गठ्ठा उतरवून यारीने वर साठवायचा नाहीतर खाली गाडीत सोडायचा. म्हणजे वखार ही नुसती पेटी नव्हे. एका तोंडाने माल घेणारे आणि दुसऱ्या तोंडाने देणारे ते यंत्रच म्हणा ना!

पुष्कळ छंदिष्ट लोक जागा वाचवण्यासाठी नुसती दर्शनी भिंत करून मागच्या फळीला चिकटवतात. इतर इमारतींना ते चालेल, या वखारीला चालायचे नाही. तिची रस्त्याची बाजू लपली की अर्थच गेला. म्हणून ती टेबलाच्या कडेला अशी ठेवा, की रुळांची बाजू आत आणि रस्त्याची बाजू पोरांच्या तोंडासमोर येईल.

प्रमाण घ्यावे फुटाला 4 मिलिमीटर. हे ब्रिटिश छंदिष्टांचे आवडते प्रमाण, म्हणजे सुमारे 76 पटींनी लहान. साडेपाच फुटांचा माणूस 22 मिलिमीटरचा होतो. 9 इंची वीट 3 मिलिमीटर लांब, आणि विटेचा एक थर 1 मिलिमीटर उंच. हे गणित फळ्यावर मांडा. त्रैराशिकाचा कंटाळा करणारा मुलगाही सुतळीने शाळेची भिंत मोजायला धावेल. एक गंमत सांगतो. या हिशेबाने रुळांमधले अंतर 18.83 मिलिमीटर हवे, पण बाजारातले रूळ 16.5 मिलिमीटरचे असतात. तो तिकडचा जुना वाद आहे, आपण त्यात पडायला नको.

सगळी वखार टेबलावर मावणार नाही. 100 फुटांचा तुकडा घ्या, तो 40 सेंटीमीटर भरतो. रस्ता आणि रूळ यांत 12 फुटांचा फरक धरला तर रुळांची फळी 48 मिलिमीटर उचलावी लागेल. फळी आधी उचला, भिंती मागाहून. दाराचे माप मात्र कागदावरून घेऊ नका. तुमच्याकडची वाघीण हातात घ्या, रुळावर उभी करा, आणि दोन्ही बाजूंना बोटभर नसली तरी काडीभर मोकळी जागा ठेवून मगच पुठ्ठा कापा. 1830 च्या वाघिणी चिमुकल्या होत्या, दुकानातल्या नंतरच्या काळातल्या असतात. दार थोडे मोठे झाले तर होऊ द्या, पण वाघीण आत गेलीच पाहिजे.

वह्यांच्या पाठीचा जाड पुठ्ठा भिंतींना उत्तम. कोपऱ्यांना आतून लाकडी काठीचा आधार द्या, नाहीतर पावसाळ्यात भिंती वाकतात. रुळांच्या वळणाबरोबर ही वखार मुळातच किंचित वळलेली आहे, तेव्हा लांब भिंत दोन-तीन तुकड्यांत जोडणे सोयीचे. खिडक्या भिंत उभी करण्याआधी कापा. विटांच्या रेघा टोकदार खिळ्याने ओढा. सगळ्या भिंतीवर ओढायची गरज नाही. दारांभोवती नीट ओढल्या की डोळा बाकीच्या भरून घेतो. आतले खांब आणि तुळया खऱ्या वखारीत लाकडाच्या आहेत, आपल्याला बांबूच्या काड्या पुरतात. छप्पर उचलून काढता येईल असे ठेवा, म्हणजे आतले मजले दाखवता येतात.

रंग देताना विटांचा तांबडा रंग तसाच ठेवू नका. गिरण्यांच्या धुराने मँचेस्टर काळवंडलेले असे. कोळशाची वस्त्रगाळ पूड कोरड्या फडक्याने छपराखाली आणि खिडक्यांच्या खाली चोळा, थोडी थोडी.

यारीसाठी रिकाम्या रिळाचा तुकडा, दोरा आणि वाकवलेली टाचणी बस्स. गोणपाटाच्या चिंधीत कापूस बांधून 16 मिलिमीटरचे गठ्ठे करा. एका मुलाकडे वाघीण, दुसऱ्याकडे यारी, तिसऱ्याकडे खालची घोडागाडी, आणि चौथ्याकडे वही-पेन्सिल. आलेले गठ्ठे किती, वर ठेवले किती, गाडीत गेले किती हे त्याने लिहायचे, आणि तास संपताना छप्पर उचलून आतले गठ्ठे वहीशी ताडून पाहायचे.