फ्री म्हणजे फुकट नव्हे



वरळीत आमच्या गटाच्या बैठकीत दिवाळीच्या चकल्यांचा दर ठरवत होतो. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, सगळं वहीत लिहिलं. मजुरीचा रकाना मात्र कोराच. विचारलं, तर एक ताई म्हणाली, "त्याचे कसले पैसे? दुपारी आपण फ्रीच असतो की!"

हा 'फ्री' शब्द आपल्या तोंडी रोजचा. एकावर एक फ्री, म्हणजे फुकट. संध्याकाळी फ्री आहेस का, म्हणजे रिकामी आहेस का. माहेरी फ्री वाटतं, म्हणजे मोकळं वाटतं. मराठीत या तिन्ही गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत तिन्हींना एकच. म्हणून घोळ होतो. आपण म्हणतो "मी मोकळी आहे", समोरचा ऐकतो "हिचं काम फुकट आहे".

आता गंमत ऐका. भाषेचे अभ्यासक सांगतात, की फ्री आणि आपला 'प्रिय' हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेत. मित्र या अर्थाचा 'फ्रेंड'सुद्धा त्यांच्याच भावकीतला. फ्री म्हणजे आधी 'आपलं, जिव्हाळ्याचं माणूस'. जुन्या काळी युरोपात घरात आप्तही असत आणि गुलामही. जे आप्त ते गुलाम नव्हेत, म्हणून फ्रीचा अर्थ 'स्वतंत्र' असा झाला. 'फुकट' हा अर्थ त्याला कितीतरी नंतर चिकटला.

आमच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या. पहाटेपासून राबायच्या, तरी लोकांच्या लेखी तो घरचाच स्वयंपाक. पैशांची नड लागली की सावकाराचं दार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. काम तेच होतं, पण आता बँकेनंही तो व्यवसाय मानला.

आम्हीही मग कोरा रकाना भरला. चौघीजणी, प्रत्येकीचे ३ तास, म्हणजे १२ तासांची मजुरी. किलोमागे दर थोडा वाढला. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, पण सांगितला.

घरच्या माणसांसाठी आपण मायेनं करतो, त्याचा हिशेब मांडू नका. पण विकायच्या मालात आपले तास धराच. आज घरी गेल्यावर गटाची वही उघडून बघा, मजुरीचा रकाना भरलाय का?