फोटोखाली नाव कोणाचे?
(उदगीर येथील मेळाव्यातील भाषण)

विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसांची चित्रे कापून त्यांनी ती वेगळ्याच देखाव्यांवर चिकटवली. खाली माणसाचे नाव नव्हे, बहुधा जातीचे.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही मदतीच्या पत्रकांत किनवटकडचे कोलाम, गोंड, आंध दिसतात ते फाटक्या कपड्यांत. खाली फक्त ‘गरीब आदिवासी’.

माझी विनंती एवढीच : आधी विचारा. काढलेला फोटो त्यांना दाखवा. मोठी माणसे हो म्हणाली, तर नावानिशी छापा. अंकाची प्रत त्यांच्या घरी पोचवा. जो फोटो त्यांना स्वतःच्या भिंतीवर नको, तो आपल्या अंकातही नको.