कट्ट्यावरचा शेजार

मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. आरंभी त्याचे नाव माहीम पार्क होते; १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते बदलले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवती एक बुटका कट्टा आहे. पहाटे फिरून दमलेले वृद्ध, सायंकाळी खेळ आटोपलेली मुले, घरी निवांत बोलावयास जागा नसलेली जोडपी, सारी तेथे शेजारी शेजारी बसतात.

पण जागा सर्वांची असली, की हक्कही एकमेकांस भिडतात. खेळाडूंना मोकळी माती हवी असते; तिचीच धूळ भोवतालच्या घरांत शिरते. सभेचा ध्वनिक्षेपक एकास स्फूर्ती देतो, तर दुसऱ्याची झोप मोडतो. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. आवाजाची मर्यादा न्यायालय आखून देईल. शेजारधर्म मात्र आपला आपणच पाळावयाचा असतो.

आपण इंदूरला असा की बडोद्यास, आपल्या वस्तीतील बागेत कोणी अनोळखी मनुष्य बाकापाशी येऊन थांबला, तर थोडे सरकून बसावे. बागेच्या फलकावर हा नियम लिहिलेला नसतो. पण बाग सर्वांची राहते ती त्यामुळेच.