वजनकाट्याला न कळणारी भूक

पाड्यावर बाळ जन्मलं की आपण आधी वजन विचारतो. पण काट्याला सगळं कळत नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं नि पश्चिम हॉलंड उपाशी राहिलं. त्या उपासमारीत जी बाळं आईच्या पोटात आली, त्यांचं वजन जन्मताना बहुधा ठीक होतं, कारण पुढे अन्न मिळालं. ६० वर्षांनी रक्त तपासलं, तर वाढीच्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी! शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्यांत हा फरक नव्हता. ती मात्र हलकी जन्मली होती. एकट्या खुणेवरून मुलाची पुढची उंची सांगता येत नाही, हेही खरं. तरी आपली डाळ-अंड्यांची मदत सातव्या महिन्यापासून सुरू होते. ती घरात नवी सून येताच सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.