ओसरीवरचा उजेड



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने छायाचित्रणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते आपले चित्रकलेचे सर कुंचल्याइतक्याच आस्थेने कॅमेराही हाताळीत. शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लागलेली अनेक वर्गांची समूहचित्रे त्यांच्याच हातची आहेत. ते एकदा मला म्हणाले होते, "ऊन पडलं म्हणजे उजेड मिळाला, असं समजू नकोस." हे वाक्य मला फार उशिरा कळले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे समजावे.

उशिरा का कळले, ते आधी सांगतो. १९७२ साली शिकवण्यांच्या पैशांतून मी आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा घेतला. तो आपल्याच वडोदऱ्यात तयार होई, म्हणून त्याचा अभिमानही होता. १२० क्रमांकाच्या फिल्मवर त्याने बारा चौकोनी चित्रे निघत. वैशाखातल्या एका दुपारी मी आईला गच्चीवर उभे केले, सूर्य माझ्या पाठीशी घेतला आणि तिला समोर बघायला सांगितले. तिने बिचारीने बघण्याचा प्रयत्न केला. पुढे काही वर्षांतच ती गेली, आणि तिचे एकटीचे असे तेवढेच छायाचित्र मागे उरले. त्यात तिच्या नऊवारीच्या काठावरची नक्षी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. डोळे मात्र दिसत नाहीत. भुवयांखाली दोन काळे खळगे आहेत, कपाळ पांढरेफटक आहे आणि ओठ उन्हाने आवळलेले आहेत. माझ्या नातीने विचारले, "पणजी रागावली होती का?" ती रागावलेली नव्हती. तिच्या डोळ्यांवर ऊन येत होते, एवढेच. पण ते आता चित्राकडून कळत नाही.

सूर्य पाठीशी ठेवण्याचा तो नियम मी मनाने काढलेला नव्हता. त्या काळी हौशी माणसाला हाच पहिला धडा मिळे, आणि त्यामागे कारणही होते. साध्या कॅमेऱ्याचे भिंग लहान, झडप एकाच ठरावीक वेगाने उघडणारी आणि फिल्म आजच्या मानाने मंद. भरपूर ऊन असल्याविना चित्र उमटण्याची खात्री नसे, आणि सूर्य समोर आला तर साध्या भिंगात चकाकी शिरून सारे चित्र धुरकट होई. म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा, असे सांगितले जाई. नियम कॅमेऱ्याच्या सोयीचा होता, माणसाच्या नव्हे. पुढे भिंगे सुधारली, फिल्म वेगवान झाली, मग फिल्मही जाऊन मोबाइल आले. परंतु माणसांना उन्हाकडे तोंड करून उभे करण्याची सवय कायम राहिली. कारण संपले तरी रूढी उरते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही.

आता आपल्या गावच्या सूर्याचा विचार करू. वडोदरा साधारण २२.३ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पूर्वार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. मार्चमध्ये विषुवदिनी तो क्षितिजापासून ६८ अंशांच्या सुमारास असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे सर्वांत खाली असतानाही, मध्यान्ही ४४ अंशांवर असतो. शिवाय आपले घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस आहोत. म्हणून येथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, तर ऋतुमानाप्रमाणे बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान.

उंचावरच्या सूर्याचे ऊन चेहऱ्यावर काय करते, ते आरशासमोर दिवा धरून कोणालाही पाहता येईल. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडे उजळतात. भुवयांची कड डोळ्यांवर छप्पर धरते. नाकाची सावली ओठांवर उतरते. सूर्य ३० अंशांच्या खाली आला, की हे छप्पर पुष्कळसे दूर होते. आपल्याकडे ही वेळ मार्चमध्ये सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी साडेचारनंतर येते. मे महिन्यात ती सकाळी सव्वाआठपूर्वी आणि सायंकाळी पाचच्या सुमारास येते, तर डिसेंबरमध्ये सकाळी दहापूर्वी आणि दुपारी सव्वातीननंतर. उन्हे कलल्यावर चित्र घ्यावे, हा सल्ला सगळेच देतात; तो आपल्या गावच्या घड्याळात असा बसतो.

परंतु माणसे वेळ बघून भेटत नाहीत. लग्न, मुंज, बारसे, निरोपसमारंभ हे बहुधा भर दुपारीच असतात. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर मला आपल्या भाषेत सापडले.

मराठीत ऊन आणि उजेड हे दोन वेगळे शब्द आहेत. ऊन लागते, बाधते, चटका देते. उजेडाविषयी आपण तसे बोलत नाही. उजेडात दिसते, वाचता येते, माणूस ओळखू येतो. उन्हाचा संबंध अंगाशी, उजेडाचा डोळ्यांशी. जॉन हर्शेल यांनी १८३९ साली इंग्रजीत जो शब्द रूढ केला, त्याचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन असा होतो. आपल्याकडे प्रकाशचित्र हा शब्द असूनही अधिक रुळला तो छायाचित्र. छाया म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे आसराही. वडीलधाऱ्यांची छाया असे आपण म्हणतोच. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हा विचार होता, असा माझा दावा नाही. परंतु उन्हाळी देशातल्या छायाचित्रकाराला याहून चांगला सल्ला मिळणार नाही. माणसाचे चित्र उन्हात घेऊ नये, छायेत घ्यावे. ऊन टाळावे आणि उजेड गाठावा.

आपल्या जुन्या वाड्यांतून ही जागा मुद्दाम बांधल्यासारखी असते. मध्ये आकाशाला उघडा चौक आणि भोवती ओसरी. ओसरीच्या कडेशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असते, म्हणून वरचे ऊन अडते. समोर चौक मोकळा असतो, म्हणून आकाशाचा आणि उजळलेल्या फरशीचा उजेड समोरून, थोडा खालूनही, चेहऱ्यावर येतो. डोळे पूर्ण उघडतात आणि बुबुळांत उजेडाचा ठिपका उमटतो. आजी ओसरीवर बसून तांदूळ निवडायची ती याच उजेडात. जिथे खडा दिसतो, तिथे चेहराही दिसतो, असे म्हणायला हरकत नाही.

१९५६ सालच्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी छायालेखक सुब्रतो मित्र यांना काशीतल्या घराचा असाच चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभा करायचा होता. त्यांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकला. कापडावरून परतलेला मऊ उजेड चौकात उतरला. पुढे जगभर रूढ झालेल्या या रीतीचे ते आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. चौकातल्या उजेडाची नक्कल करताना कलावंताला जे उमगले, ते आपल्या घरात आयतेच होते.

ओसरी नसेल तर तिच्यासारखी जागा शोधावी. दाराचा उंबरठा, पोर्च, देवळाचा सभामंडप, दुपारनंतर इमारतीच्या पूर्वेला पडणारी सावली, यांपैकी काहीही चालते. झाडाखाली मात्र जपावे. कडुनिंबाच्या पानांतून आलेले कवडसे जमिनीवर सुंदर दिसतात; चेहऱ्यावर पडले तर कोडासारखे डाग उमटवतात. दाट सावलीत फार आत जाऊ नये, तिच्या कडेशी यावे आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे करावे.

सावली नसलेल्या माळावर सूर्य पाठीशी घ्यावा, पण तो छायाचित्रकाराच्या नव्हे, समोरच्या माणसाच्या. केसांना आणि खांद्यांना उजेडाची कड मिळते, चेहरा सावलीत येतो आणि डोळे निवतात. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून वर हात धरावा, आणि मागची बाजू शक्यतो गडद निवडावी. मग पांढरे धोतर किंवा चादर दोघांनी ताणून समोरून धरली, की परावर्तित उजेड चेहऱ्यावर येतो. चकचकीत पत्रा वापरू नये; तो दुसरा सूर्यच होतो. तेच पातळ पांढरे कापड डोक्यावर, ऊन आणि चेहरा यांच्यामध्ये धरले, तर रणरणत्या उन्हाचा मऊ उजेड होतो. लग्नाचा पांढरा मांडव हेच काम करतो. रंगीत मांडव मात्र आपला रंग चेहऱ्यावर टाकतो.

आता उजेडाच्या मापाविषयी. निरभ्र दिवशी ऊन आणि मोकळी सावली यांतला फरक साधारण आठपट असतो. उन्हात अॅपर्चर १६ ठेवले, तर सावलीत ५.६ च्या आसपास यावे लागते. दोन्ही एकाच चित्रात नीट उमटावे, अशी अपेक्षा धरली तर दोन्ही बिघडण्याचा संभव असतो. म्हणून चेहऱ्याचे माप घ्यावे आणि बाकीचे जरा उजळ झाले तर होऊ द्यावे. यंत्राचे मापक समोर येईल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. पांढरे धोतर, पांढरी साडी, चुन्याची भिंत समोर आली, की ते सारे चित्र काळवंडून टाकते आणि त्यात सावळे चेहरे सर्वांत आधी बुडतात. आपल्या जुन्या समूहचित्रांत सावळी मुले ओळखू येत नाहीत, याचा दोष त्यांच्या रंगाचा नव्हे, मापाचा आहे. आजच्या मोबाइलवर पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकवले, की यंत्र चेहऱ्याचे माप घेते. एवढे एक बोट पुष्कळांची अदब राखते. परंतु डिजिटल चित्रात कपाळाचा एखादा भाग पार पांढरा झाला, तर त्यातले काही परत मिळत नाही, हेही ध्यानात असावे. चेहऱ्यावरच ऊन आणि सावली मिसळली असेल, तर माणसाला दोन पावले हलवणे हाच उपाय.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. समोरच्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवू नये. आधी जागा ठरवावी, माप घ्यावे, आणि मगच वडीलधाऱ्यांना बोलवावे. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा असेल, तर आधी थोडा वेळ सावलीत बसवावे, म्हणजे काचा निवळतात. डोळे दिपत असतील, तर मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडायला सांगावे. डोक्यावरचा पदर पुढे आला असेल, तर 'आई, पदर जरा मागे घेता का' असे विचारावे. स्वतः हात लावू नये. आपले सर हे सारे करीत. १९६६ साली आमच्या अकरावीच्या चित्रासाठी त्यांनी आम्हाला तासभर वर्गातच बसवून ठेवले होते, आणि आम्ही कंटाळलो होतो. त्या चित्रातले आता पुष्कळजण नाहीत. पण प्रत्येकाचे डोळे दिसतात. कोण खोडकर होता, कोण भित्रा होता, हे अजून त्यांत वाचता येते. आईच्या चित्रात मला जे साधले नाही, ते सरांनी चाळीस मुलांसाठी साधले होते.

आपल्याच गावच्या कलाभवनात शिकून गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो सूर्याच्याच प्रकाशाच्या बळावर. तेव्हा सूर्य हा आपला वैरी नाही. त्याला कोठून आत घ्यायचे, एवढे ठरवावे लागते.

ही सगळी वाटचाल एका विनंतीकडे आहे. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माजी विद्यार्थ्यांचे समूहचित्र पाऊण वाजता पटांगणात, असे छापले आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर वडोदऱ्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण बारा एक्कावन्नला. म्हणजे संयोजकांनी न कळत दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडली आहे. आपल्यात ऐंशी ओलांडलेले कितीतरी जण आहेत; पुढच्या वेळी सर्वजण पुन्हा भेटतील, असे मी म्हणू शकत नाही. माझी प्रार्थना अशी, की चित्र दुपारच्या चहानंतर सव्वाचारला घ्यावे, आणि पटांगणात नव्हे तर शाळेच्या पूर्वेकडील व्हरांड्याच्या पायऱ्यांवर. तोवर सूर्य इमारतीच्या मागे गेलेला असेल, समोर आकाश मोकळे असेल, आणि वृद्धांना व्हरांड्यात खुर्च्यांवर बसता येईल. सरांनी आमच्या वर्गाचे चित्र तिथेच घेतले होते.

आपल्या मागून येणाऱ्यांनी त्या चित्राकडे पाहिले, तर आपण रागावलो होतो का, असे त्यांना विचारावे लागू नये, इतकीच इच्छा आहे.