आजीची सुई व नातवंडांचें माप

(संत जोकिम व संत आन्ना यांच्या सणाच्या दिवशीं, धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत भरलेल्या आजी-आजोबांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं धर्मगुरूनें चर्चच्या बांधणीविषयीं, घंटेविषयीं अथवा आजवर येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंविषयीं बोलावें, अशी अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. त्या विषयांवर इतर वक्ते बोलले आहेत व पुढेंही बोलतील. आम्हीं मात्र आज एक लहानसा, कोणास क्षुल्लकही वाटेल असा, विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे आजीची सुई. जिनें उन्हाळ्याच्या दुपारीं गोधड्या शिवल्या, पावसाच्या संध्याकाळीं लोकरीचीं टोपरीं विणलीं आणि तें करितां करितां नातवंडांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, त्या आजीविषयीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

आज जुलै महिन्याची २६ तारीख. पवित्र मारियेच्या मातापित्यांचा, म्हणजे प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा, सण ख्रिस्तसभा आज साजरा करिते. जोकिम व आन्ना हीं नांवें बायबलांत कोठेंही आढळत नाहींत. तीं प्राचीन परंपरेनें आपल्या हातीं आलीं आहेत. जिच्या मांडीवर मारिया लहानाची मोठी झाली, तिच्याविषयीं चारही शुभवर्तमानकार मौन धरितात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घरांतील आजीचें कामही असेंच निनांवी असतें. सन २०२१ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वयोवृद्ध यांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला, तो ह्या सणाच्या जवळचा दिवस पाहूनच.

तथापि पवित्र शास्त्र आजीस अगदींच विसरलें आहे असें नाहीं. तीमथ्यास दुसरें पत्र लिहितांना त्याच्या श्रद्धेचा उगम कोठें आहे हें संत पौल सांगतो, तेव्हां तो प्रथम आजी लोईस हिचें नांव घेतो आणि मग आई युनीके हिचें. तीमथ्य पुढें धर्मनेता झाला. परंतु त्याच्या श्रद्धेचा पहिला टांका घातला तो एका म्हातारीनें.

आतां गोधडीकडे वळूं. गोधडी कशी होते हें तरुण मंडळीस बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आमची आजी ह्याच वसईच्या मातींतली. केळीच्या बागेस पाणी लावून झालें, भाजीची टोपली दादरच्या बाजारास रवाना झाली, जेवणें उरकलीं, म्हणजे ती ओटीवर जुनें लुगडें पसरी. लुगडें नऊ वारांचें. त्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे होत. दोन जोडून वरची बाजू, दोन जोडून खालची. मधल्या थरांत आजोबांचें विरलेलें धोतर, फाटकी चादर, मुलांचे आखूड झालेले सदरे, असें जें जें अंगास लावण्याजोगें उरलें नाहीं तें तें जाई. सुरकुती राहूं नये म्हणून ती तळहातानें मधून कडेकडे कापड सारीत नेई, चारी कोंपऱ्यांवर दगड ठेवी आणि लांब लांब कच्चे टांके घालून सर्व थर एकमेकांस बांधून घेई. मग खरें काम सुरू होई. कांठापासून आंत, एकाच्या आंत एक अशा चौकोनी रांगांनीं धांवदोरा घालीत ती मध्यापर्यंत येई. एका गोधडीस कित्येक आठवडे लागत. कोठें ठिगळ लावावें लागलें तर ती म्हणे, “ठिगळाची लाज नाहीं रे, भोंकाची लाज.”

पांच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभूनें शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितलें, कांहींही वायां जाऊं नये म्हणून. ह्या वचनावर आम्हीं सेमिनरींत पुष्कळ टीका वाचल्या. परंतु त्याचा अर्थ आमच्या आजीनें आम्हांस त्यापूर्वींच ओटीवर दाखविला होता.

ह्या कामांत नातवंडांचा वांटा कोणता? तर सुईंत दोरा ओंवण्याचा. आजीची दृष्टि मंद झालेली. पोरांचे डोळे तीक्ष्ण. दर थोड्या वेळानें हांक येई, “कोण ओंवून देतो?” जो ओंवून देई त्यास तिच्याजवळ बसावयास मिळे, आणि बसल्यावर गोष्ट मिळे. हा तुकडा कोणाच्या सदऱ्याचा, तो सदरा कोणत्या नाताळास शिवला, त्या वर्षीं पाऊस किती झाला, कोणतें भावंड तापानें गेलें, हें सर्व त्या कापडांतून निघे. चर्चच्या दप्तरांत आपल्या स्नानसंस्कारांच्या, विवाहांच्या व मृत्यूंच्या नोंदी आहेत. आजीचें दप्तर गोधडीच्या थरांत असे. गोष्ट संपली कीं ती ‘नमो मारिया’ म्हणावयास लावी. एक रांग संपेपर्यंत जपमाळेचें एक रहस्य पुरें होई. धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्ही प्रश्नोत्तरें पाठ केलीं हें खरें, परंतु प्रार्थना आमच्या अंगीं मुरली ती सुईच्या तालावर.

विणकामाचेंही तसेंच. ‘एक सुलट, एक उलट’ असें म्हणत ती दोन सुयांवर टोपरें विणी. एखादे वेळीं टांका सुटे आणि तो दहा ओळी पुढें गेल्यावर ध्यानांत येई. अशा वेळीं ती न चिडतां तेथपर्यंत उसवी आणि तीच लोकर पुन्हा सुईवर घेई. आम्ही हळहळून म्हणत असूं, “आजी, एवढें सगळें फुकट गेलें!” ती म्हणे, “लोकर कुठें गेली? आहे ना हातांत.” पापनिवेदनास येऊन आपलें सर्व आयुष्य फुकट गेलें असें रडणाऱ्या माणसांस आम्ही आजही हेंच सांगतों.

आतां आमची स्वतःची एक चूक सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कारण दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें आपलें ओझें लपवूं नये. सन १९८८ च्या जून महिन्यांत आम्ही सेमिनरींत दाखल झालों. आजीनें त्यासाठीं उपवासकाळापासून मे अखेरपर्यंत बसून एक गोधडी शिवली होती. तेथें गेल्यावर आम्हीं पाहिलें कीं इतरांच्या बिछान्यांवर दुकानांतील नव्या चादरी व ब्लँकेटें आहेत. आम्हांस आमच्या तांबड्या लुगड्याच्या, ठिगळांच्या गोधडीची लाज वाटली. ती आम्हीं पेटीच्या तळाशीं ठेविली आणि एक साधें ब्लँकेट विकत घेतलें. भेटीच्या एका रविवारीं आजी आली. आमची खोली पाहावयाची तिला हौस. तिनें बिछान्याकडे पाहिलें, ब्लँकेटावर हात फिरविला आणि एवढेंच विचारलें, “ऊबदार आहे ना?” आम्ही “हो” म्हणालों. ती दुसरें कांहीं बोलली नाहीं.

तिसऱ्या वर्षीं ती देवाघरीं गेली. क्षमा मागावयाची राहून गेली. पुढें पुष्कळ वर्षांनीं ती गोधडी धुतांना एका कडेस उसवली, तेव्हां आंतल्या थरांत पांढऱ्या कापडाचा एक लहान झगा पसरून शिवलेला दिसला. तो आमच्या स्नानसंस्काराचा झगा होता. तिनें तो अठरा वर्षें जपून ठेविला होता व गोधडींत घालतांना कोणास सांगितलें नव्हतें. बंधुभगिनींनो, आम्ही आज ती गोधडी पांघरतों. परंतु जिनें ती शिवली तिला तें पाहावयास मिळालें नाहीं.

आतां दुसरी हकीगत, आणि ती आपल्याच धर्मग्रामांतील असल्यामुळें कोणाचें नांव न घेतां सांगतों. मागें एकदां घरोघर आशीर्वाद देत फिरत असतां आम्ही एका आजीबाईंच्या घरीं गेलों. मुलगा व सून परदेशीं. नातू तिकडेच वाढतो. बाई खिडकीपाशीं बसून निळ्या लोकरीचा स्वेटर विणीत होत्या. त्यांनीं आम्हांस विचारलें, “फादर, आठ वर्षांच्या मुलाचा हात केवढा असतो?” आम्ही सहज म्हणालों, “आजी, फोन करून विचारा ना!” त्या हंसल्या व म्हणाल्या, “फोनवर तोंड रोज दिसतें, फादर. पण फोनवर माप घेतां येत नाहीं.” त्यांनीं मागील वर्षीं पाठविलेला स्वेटर नातवास आंखूड झाला होता. तो पांच वर्षांचा असतां इकडे आला होता; त्याच मापावर, अंदाजानें चार बोटें वाढवून, त्या विणीत राहिल्या होत्या. मूल मात्र अंदाजापेक्षां अधिक वाढलें होतें.

त्या रात्रीं आम्हांस शमुवेलाची आई हन्ना आठवली. तिनें आपला मुलगा शिलो येथें देवाच्या सेवेस दिला होता. ती त्याच्यासाठीं दर वर्षीं एक लहान अंगरखा करी आणि वार्षिक यज्ञास जाई तेव्हां घेऊन जाई, असें शास्त्र सांगतें. हें वाक्य आम्हीं अनेकदां वाचलें होतें. ‘दर वर्षीं’ ह्या शब्दांकडे मात्र लक्ष त्या दिवशीं गेलें. ती दर वर्षीं जाई, म्हणून तिला मुलाची उंची ठाऊक असे. प्रेमास मापाची गरज असते, आणि माप घेण्यास जवळ उभें राहावें लागतें. आजचें आमचें सांगणें एवढेंच आहे.

यास्तव प्रथम आम्ही मुलांस व सुनांस सांगतों. तुम्ही आईस पैसे पाठवितां, औषधें आणितां, फोन करितां. हें सर्व योग्यच आहे, आणि पोटासाठीं दूर जावें लागतें यांत दोष नाहीं. परंतु लहान मूल एकदां वाढून गेलें कीं तें वय पुन्हा येत नाहीं. येतां येईल तेव्हां या, आणि आल्यावर मुलांस दोन दिवस तरी आजीपाशीं मोकळें सोडा. जे जवळ राहतात त्यांस दुसरी गोष्ट सांगतों. सकाळपासून रात्रीपर्यंत चार पोरें आजीच्या अंगावर टाकून, तिची पाठ दुखते कीं काय हेंही न विचारणें, ह्यास सहवास म्हणत नाहींत. आजी ही बिनपगारी दाई नव्हे.

आजीबाईंसही एक विनंती आहे. आजचीं मुलें आमच्यासारखीं ओटीवर तासन्‌तास बसणार नाहींत. त्यांच्या हातांत मोबाईल असतो व मनांत घाई. “आमच्या वेळीं असें नव्हतें” हें वाक्य ऐकलें कीं तीं उठून जातात. त्यापेक्षां सुई त्यांच्यापुढें करा आणि म्हणा, “जरा ओंवून दे.” मदत मागितलेली मुलांस आवडते. ज्यांचीं नातवंडें दूर आहेत, त्यांनीं शेजारच्या मुलांस हांक मारावी. ज्या आजीबाईंची हकीगत सांगितली, त्यांनीं शेवटीं शेजारच्या आठ वर्षांच्या मुलास उभें करून त्याच्या हाताचें माप घेतलें. तो मुलगा आतां शनिवारीं दोरा ओंवून द्यावयास जातो व गोष्ट ऐकून येतो. त्यामुळें नातवाची उणीव भरून निघाली असें आम्ही म्हणत नाहीं. बाई अजून खिडकीपाशींच बसतात. परंतु स्वेटर पुरा झाला, आणि तो बरोबर बसल्याचें पत्र आलें.

आणि बालमित्रांनो, तुम्हांस काय सांगूं? आज घरीं गेल्यावर एक काम करा. घरांतील गोधडी उलगडून आजीस विचारा, हा तुकडा कोणाचा? जें सांगेल तें ऐका. मधेंच उठूं नका.

यापो नगरांत दुर्कस नांवाची एक शिष्या होती. ती मरण पावली तेव्हां विधवा स्त्रिया रडत संत पेत्राभोंवतीं जमल्या. तिची थोरवी त्यांनीं शब्दांनीं सांगितली नाहीं. तिनें त्यांच्यांत असतां शिवलेले अंगरखे व वस्त्रें पुढें करून दाखविलीं. पेत्रानें गुडघे टेकून प्रार्थना केली आणि देवानें तिला त्यांस जिवंत परत दिलें. आपल्या आजीबाई अजून आपल्यांत आहेत. त्यांस परत मागण्याची वेळ येण्यापूर्वीं, त्यांनीं शिवलेलें अंगावर घेऊन त्यांच्यापुढें जाण्याचें भाग्य आपणांस आहे. तें भाग्य आम्हीं एकदां दवडलें. तुम्ही दवडूं नका.

संत जोकिम व संत आन्ना यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या धर्मग्रामांतील सर्व वृद्धांस आरोग्य, त्यांच्या डोळ्यांस प्रकाश आणि त्यांच्या नातवंडांस त्यांच्याजवळ बसण्याची बुद्धि देवो. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.