घर वाढतं, पाणीही वाढतं : जागा सोडणाऱ्या रचनांविषयी

आज इमारतींबद्दल आणि नाल्यांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात एका शिलाई मशीनपासून करते.

मी आर्किटेक्चर शिकत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरामागच्या वस्तीत एक काकू साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. दाराबाहेर ओट्यावर मशीन, वर ताडपत्री. गल्लीतनं जाणारी बाई तिथेच थांबणार, साडी देणार, दोन शब्द बोलणार आणि पुढे भाजीला जाणार. पुढे वस्तीचं पुनर्वसन झालं. काकूंना सातव्या मजल्यावर पक्कं घर मिळालं. मी पेढे घेऊन गेले. काकू खूश होत्या. संडास घरात आला होता, रात्री-अपरात्री बाहेर जायची भीती गेली होती. हे सुख लहान नाही. पण मशीन भिंतीला लावून ठेवलेलं होतं, वर चादर टाकून. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, फॉल-पिकोला सातव्या मजल्यावर कोण येणार?"

पुढे त्यांनी खाली एका दुकानाच्या कोपऱ्यात मशीन ठेवलं. भाडं देऊन. म्हणजे जी जागा त्यांना दाराशी फुकट होती, तिचे आता पैसे मोजायचे.

मी परत येऊन त्या इमारतीचा नकाशा मनात काढून पाहिला. त्यात चूक सापडेना. खोली, स्वयंपाकघर, संडास, न्हाणीघर, सगळं जागच्या जागी. फक्त काकू रोज काय करतात, हे त्या नकाशात कुठेच नव्हतं. घराचा ताबा मिळाला की काम संपलं, असं धरून तो काढला होता. खरं तर माणसाचं काम तिथनं सुरू होतं.

आता हेच दुसऱ्या बाजूने कोणी करून पाहिलंय का? पाहिलंय, आणि फार लांब नाही, इंदूरला. आपला मुंबई-आग्रा रस्ता आहे ना, नाशिक, धुळ्यावरून वर जाणारा, त्याच रस्त्याला लागून अरण्य नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकात इंदूरच्या विकास प्राधिकरणासाठी ती बाळकृष्ण दोशी आणि त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने आखली. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७चा. शिकले मुंबईत, जे. जे.मध्ये. पुढे २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, भारतातल्या वास्तुरचनाकाराला पहिल्यांदाच. अरण्यलाही १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार बाजूला ठेवू, काम बघू.

त्यांच्या मंडळींनी आधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांत फिरून माणसं कशी राहतात ते नोंदवलं. ओट्यावर काय चालतं, पायरीवर कोण बसतं, झाडाखाली काय भरतं, दुकान घराच्या कुठल्या बाजूला निघतं. मग साधारण ८५ हेक्टरवर साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट आखले. सगळ्यांत गरीब कुटुंबांसाठी प्लॉट ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. आणि त्यावर अख्खं घर बांधून दिलंच नाही. जोतं, संडास-न्हाणी, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, एवढं दिलं. कोणाला ऐपतीप्रमाणे एखादी खोलीही. बाकीचं घर तुमचं तुम्ही वाढवा. नमुना म्हणून ऐंशी घरं बांधून दाखवली, की बघा, एवढ्याच जागेत असंही होतं आणि तसंही होतं.

तुम्ही म्हणाल, ही तर अर्धवट सोडण्याची पळवाट झाली. मलाही आधी तसंच वाटलेलं. पण बघा, जे एकट्या कुटुंबाला जमत नाही ते आधी झालं. जमिनीचा हक्क, ड्रेनेज, नळ, रस्ता. भिंत उभी करणं, पत्र्याचा स्लॅब करणं, मुलाचं लग्न ठरलं की वर खोली चढवणं, हे आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलीत. जे त्यांना येतं ते त्यांच्यावर सोडलं. आणि घर रस्त्याला लागून असल्यामुळे मशीन दाराशीच राहतं.

दुसरी एक हुशारी. महाग प्लॉट वसाहतीच्या कडेला, हमरस्त्याच्या बाजूला ठेवले. त्यांच्या विक्रीतून गरिबांच्या प्लॉटचा काही भार उचलला गेला. आणि श्रीमंत-गरीब एकाच वसाहतीत आले.

सगळं गोड झालं का? नाही. काही कुटुंबांनी प्लॉट विकले आणि गेली. त्या ऐंशी नमुना घरांतली बरीचशी आज ओळखूही येत नाहीत, इतकी बदललीत. आर्किटेक्ट लोक त्यावर हळहळतात. मला वाटतं, बदलली हेच तर पाहिजे होतं. प्लॉट विकून जाणं मात्र खरा प्रश्न आहे. जागा दिली, पण उत्पन्न टिकलं नाही तर माणूस टिकत नाही. ते नकाशाने सुटत नाही, आणि सुटतं असं सांगणाऱ्या आर्किटेक्टपासून जरा सावध राहावं.

आता घराकडून नाल्याकडे येऊ. विषय बदलतोय असं वाटेल, पण चूक तीच आहे. काकूंच्या घराचा नकाशा काढताना घर आज आहे तसंच राहील असं धरलं. नाल्याला दोन्हीकडून भिंत घालताना पाणी नेहमी एवढंच येईल असं धरतात. घर वाढतं, पाणीही वाढतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीने तेव्हा भिंती, भराव, झोपड्या, सोसायट्या काही विचारलं नाही.

सिमेंटच्या सरळ नाल्यात पाणी जोरात पळतं. वरच्या भागातनं पटकन जातं, म्हणून तिथले लोक खूश. पण सगळं एकदमच खाली पोहोचतं आणि खालचे बुडतात. जमिनीत मुरत काहीच नाही. आणि नाला म्हणजे गटार, असं एकदा डोक्यात बसलं की त्यात कचरा टाकायला हात कचरत नाही.

सिंगापूरनेही असेच नाले बांधले होते. पूर आवरायचा होता, आणि त्या वेळी त्यांना तेच योग्य वाटलं. बिशान भागात कल्लांग नदी अशाच २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ सिमेंटच्या नाल्यातून वाहायची. शेजारी बाग, पण मध्ये कुंपण. त्या नाल्याची दुरुस्ती निघाली तेव्हा त्यांनी वेगळा विचार केला. जर्मन लँडस्केप आर्किटेक्ट हर्बर्ट ड्रायसाइटल यांच्या स्टुडिओने नाला आणि बाग एकच करून टाकली. सिमेंट काढलं, नदीला वळणं दिली, तीनेक किलोमीटरची नागमोडी नदी झाली. काठ उतरते केले आणि ते झाडांच्या मुळांनी, दगडांनी, फांद्यांच्या मोळ्यांनी बांधले. हे टिकेल का म्हणून आधी छोट्या तुकड्यावर करून पाहिलं. काढलेल्या सिमेंटच्या लाद्या फेकल्या नाहीत, त्यांचीच बागेत टेकडी केली. २०१२ साली ही बासष्ट हेक्टरची बाग नव्याने खुली झाली.

रोजच्या दिवशी तिथे मुलं घोटाभर पाण्यात खेळतात. जोराचा पाऊस आला की पाणी काठ चढून गवतावर पसरतं, नदी शंभरेक मीटर रुंद होते. पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, भोंगा वाजतो, माणसं बाहेर येतात. पाणी ओसरलं की पुन्हा बाग. तीच जागा, दोन कामं. पुढे तिथे पाणमांजरं दिसू लागली, ते कोणी आणून सोडली म्हणून नव्हे.

आता लगेच कोणी म्हणेल, "अहो ते सिंगापूर! पैसा आहे, जागा आहे." बरोबर आहे. त्यांच्या नाल्याशेजारी बाग होती, आपल्याकडे नाल्याला खेटून इमारती आहेत. त्यातल्या काही गरिबांच्या. नदीला जागा द्यायची म्हणून आधी त्यांनाच हुसकावलं, तर काकूंची गोष्ट पुन्हा घडेल. म्हणून या दोन्ही गोष्टी मी आज एकत्र सांगतेय.

पण एक जागा अजून आपल्या हातात आहे. आपली स्वतःची सोसायटी. पुण्या-मुंबईत आज बऱ्याच सोसायट्यांमध्ये रिडेव्हलपमेंटची मीटिंग चालू आहे. त्यात प्रश्न कुठला येतो? कार्पेट एरिया किती वाढणार आणि पार्किंग किती मिळणार. विचारायलाच हवं, मीही विचारेन. पण त्याच मीटिंगमध्ये हेही विचारा. प्लॉटवर खालच्या जमिनीशी जोडलेली माती किती उरणार? कारण कुंपणापासून कुंपणापर्यंत पार्किंगचा स्लॅब आला, की वरची बाग म्हणजे मोठी कुंडीच. पाणी मुरणार नाही, मोठं झाड वाढणार नाही. मागचा नाला आज किती रुंद आहे, आणि नकाशात किती दाखवलाय? तळमजल्यावर इस्त्रीवाले, शिंपी, फुलवाली यांच्यासाठी चार हात जागा आहे का? म्हाताऱ्या माणसांना बसायला एक ओटा?

बिल्डर हसेल कदाचित. कमिटीतलेही म्हणतील, वेळ जातोय. पण नकाशा मंजूर झाला की हे विचारण्यात अर्थ नाही. कागदावर एक रेघ सरकवायला काही लागत नाही, बांधलेली भिंत सरकवायला पिढी जाते.

तुमच्या सोसायटीत किंवा गावात कोणी अशी जागा राखली असेल, किंवा राखायची राहून गेली असेल, तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, आज घरी जाताना तुमच्या मागचा नाला एकदा बघून या.

भेटू लवकरच. नमस्कार.